आंब्याचे भाव आणि ‘कातळ’

१२ जून २०००

शेवटच्या पेट्या आज गेल्या आणि शेड आमची झाली. फेब्रुवारीअखेरपासून तिथे अण्णांचे आंबे असतात, त्यामुळे तेवढे महिने आमचा बँड मुका. जगातले मोठे बँड मतभेदांमुळे बंद पडतात, आमचा पेंढ्यात आंब्यांची आढी लागली की बंद पडतो. कितीही झाडलं तरी कोपऱ्यात पेंढा राहतोच, आणि संदेशच्या ड्रममधून जूनभर हापूसचा वास येत राहतो.

नवी वही घेतली, कारण या वर्षी काय ते ठरणार आहे. ‘जांभा’ला सहा वर्षं झाली. मी कीबोर्ड, शार्दूल गिटार, संदेश ड्रम. गात कोणीच नाही. आमची रचना एकच, पण बावीस मिनिटांची: ‘कातळ’, भाग एक ते पाच, सगळी सात मात्रांत. सहा वर्षांत कार्यक्रम सहा. शेवटच्या कार्यक्रमाला एकोणीस माणसं होती, त्यातली अकरा पाऊस थांबायची वाट बघत होती. अण्णा एकदाच आले. तिसऱ्या भागात उठले आणि बाहेर टेम्पोजवळ जाऊन उभे राहिले. घरी आल्यावर मला, पोटच्या पोराला, नुसतं ‘ठीक आहे’ म्हणाले. बागेत डागी फळ निघालं की हेच म्हणतात.

आज संदेशने विषय काढला. तो देवरूखकडचा, इथे मिरकरवाड्यात मैनाकाकींच्या खोलीत राहतो आणि बर्फाच्या कारखान्यात काम करतो. लोट्याला एका कंपनीत त्याला कायमची जागा मिळतेय, मामाने शब्द टाकलाय. म्हणाला, “शिमग्यापर्यंत थांबतो. तोवर लोकांनी आपल्याला ऐकलं तर मी हितंच. नाय तर जातो, मग अडवू नको.”

मी हो म्हटलं. ड्रम वाजवणारे रत्नागिरीत पुष्कळ आहेत, वरातीला हवे तेवढे मिळतात. सात मात्रांत न अडखळता बावीस मिनिटं चालणारा हा एकच. संदेश गेला तर बँड गेला, हे मला लख्ख कळतं. त्याला तोंडावर सांगायला मात्र जमलं नाही.

१५ जून

आज केबलवाल्या विठूला जाब विचारून आलो. दोन वर्षं मनात होतं.

अठ्ठ्याण्णव साली शार्दूलने त्याला ‘कातळ’ची कॅसेट दिली, लोकांना ऐकव म्हणून. विठूच्या चॅनेलवर रोज संध्याकाळी सहा चाळीसला वीस मिनिटं जाहिरातींची पट्टी सरकते: ब्लॉक भाड्याने देणे आहे, मूळव्याधीवर खात्रीशीर इलाज, तपकिरी रंगाची गाय हरवली आहे, आणि मोसमात वाशीचे आंब्याचे भाव. त्या पट्टीमागे त्याने ‘कातळ’ लावून दिलं. सातला सिनेमा सुरू होतो, म्हणून शेवटची दोन मिनिटं रोज कापतो. आणि खरी गंमत त्या दोन मिनिटांतच आहे, पाचही भाग तिथे एकत्र येतात. त्यासाठी मी आठ महिने डोकं फोडलंय. थोडक्यात, रविवारसुद्धा न चुकता सगळी रत्नागिरी आमचं संगीत मूळव्याधीच्या मागे आणि शेवटाशिवाय ऐकतेय.

विठू म्हणाला, “लांब हाय, शब्द नायत, वाचताना मधे येत नाय. असलं दुसरं मला कुठं मिळणार?” तो कौतुक करत होता, हे वाईट.

घरी अण्णा त्या वेळी टीव्हीसमोरच असतात, भाव बघायला. मी तेवढा वेळ मागच्या अंगणात विहिरीशी जातो.

२५ जून

निर्णय झाला. आम्ही पॉप करणार.

शार्दूलने हल्ली गाजणाऱ्या गाण्यांचा अभ्यास केलाय. त्याच्या मते तीन मिनिटं पुरतात, ताल चाराचा, एक मुलगी आणि एखादं वाहन. ‘जांभा’ हे नाव जड पडतं, म्हणून आजपासून आम्ही ‘हापूस’. लोकांना आवडणारच अशी रत्नागिरीत ती एकच गोष्ट आहे.

गायला ऋजुता येणार. बालवाडीत शिकवते, भावगीतांच्या स्पर्धेत दोनदा पहिली आलीय. आमची रचना ऐकवली तर तिने शेवटपर्यंत नीट ऐकली आणि विचारलं, “यात मी कुठे येते?” म्हटलं, यात नाही, आता यापुढे.

वाटलं होतं संदेश खूश होईल. तो काड्या पिशवीत भरत होता. म्हणाला, “लोकांनी ऐकावं म्हटलं व्हतं मी. दुसरं कायतरी ऐकावं नव्हतं म्हटलं.” बोलण्यात त्याचा गोंधळ होतो कधी कधी.

९ जुलै

गाणं तयार आहे. ‘पिवळ्या स्कूटीवर आली, वळून बघून गेली.’ तीन मिनिटं दहा सेकंद. शब्द शार्दूलचे, चाल माझी, लाज दोघांत निम्मी निम्मी.

चाराचा ताल सोपा असतो असं सगळे म्हणतात. आमच्यासारखं सहा वर्षं सातात राहून मग या म्हणावं. मुखडा संपला की आम्ही तिघंही एक मात्रा गाळून पुढे जातो आणि ऋजुता मागे एकटी उभी राहते. ती म्हणते, “तुम्ही तिघं आधी पोचता.” दुसऱ्याच्या चपला घालून देवळातून निघाल्यासारखा संदेश चार वाजवतो. सवय होईल.

अण्णा आजही सहा चाळीसला टीव्हीसमोर बसले होते. पायरीवर छत्री निथळत होती, आणि हे आरामखुर्चीत डोळे मिटून. आंब्याचा मोसम संपून महिना झाला, पट्टीवर आता छत्र्या आणि शिकवण्या आहेत. वय झालं की माणसाला टीव्हीची सवय लागते. आईला म्हटलं, त्यांचे डोळे तपासून घ्यायला हवेत. ती नुसती हसली.

२३ जुलै

कपाट उघडलं आणि बसलो. सगळ्या कॅसेटांना बुरशी. ‘कातळ’ची मूळ प्रत, शार्दूलची, संदेशची, आत पांढरी लव धरलीय. पुसून लावून बघितल्या, नुसती खरखर. शेडमध्ये सत्त्याण्णव साली एका दमात केलेलं ते रेकॉर्डिंग. आता चांगली प्रत एकच, विठूकडची. रोज फिरत असल्यामुळे वाचली म्हणायची.

खरं सांगायचं तर फार वाईट वाटलं नाही. तसंही ते रेकॉर्डिंग नासकंच होतं. तिसऱ्या भागात, सगळं हळू होऊन नुसता कीबोर्ड उरतो तिथे, अण्णांनी बाहेर टेम्पोचा हॉर्न मारला होता. दोनदा. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली चार मिनिटं आणि मधे टीं टीं. तेव्हा आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नव्हतो.

६ ऑगस्ट

हे लिहू की नको असं झालंय. लिहितो.

‘पिवळी स्कूटी’ घेऊन विठूकडे गेलो. म्हटलं, पट्टीमागे आता हे लाव. तो तयार होता, पण त्याचा डेक जुना. ‘कातळ’ची कॅसेट सोडून दुसरी कुठलीही घातली की फीत गिळतो. दोन नव्या कॅसेट आमच्या डोळ्यांदेखत गिळल्या. मग एकच मार्ग उरला, त्याच कॅसेटवर ‘स्कूटी’ भरायची.

संदेश सोबत होता. म्हणाला, “ती शेवटची हाय.”

मी म्हटलं, मूळव्याधीमागे वाजण्यापेक्षा नसलेली बरी.

“मैनाकाकी भात लावते त्याच्यावर,” तो म्हणाला. “तुझा चवथा भाग लागला की भात उतरवायचा. दोन वर्षांत करपला नाय.”

बावीस मिनिटांच्या सप्तमात्रिक रचनेचा उपयोग काय, तर भात. ते ऐकलं आणि उरलंसुरलं मनही उडालं. बटण मीच दाबलं. ‘स्कूटी’ सलग सहा वेळा भरली, बरोबर एकोणीस मिनिटं झाली, आणि पुढची उरलेली फीत कोरी करून टाकली. सातच्या आत बसते. काही कापावं लागत नाही.

संदेश बाहेर जाऊन उभा राहिला होता. परतताना, पुढे जायचं तर मागचं सोडावं लागतं, असं मीच त्याला दोनदा सांगितलं.

१० ऑगस्ट

अण्णा म्हणतात टीव्हीचा आवाज बिघडलाय. मागचं झाकण उघडून बसले होते. मी सांगितलं, काही बिघडलेलं नाही, आता विठू आमचं नवीन गाणं लावतो. “असं होय,” म्हणाले आणि स्क्रू परत बसवायला लागले. दुसरा बाप असता तर विचारलं असतं, कुठलं गाणं, कोण गातंय.

१९ ऑगस्ट

एक गोष्ट चांगली झाली. अण्णांची टीव्हीची सवय सुटली. संध्याकाळी बागेत फेरी मारायला जातात. आई म्हणते गप्प गप्प असतात, पण व्यायाम होतोय.

विठूला मात्र कटकट सुरू झालीय. लोक फोन करतात म्हणे. एकाच माणसाने सहा वेळा तेच सांगावं तसं वाटतं, शब्दांमुळे जाहिराती वाचता येत नाहीत, जुनं कुठे गेलं. आठवड्यात अकरा फोन. मी त्याला समजावलं की नवीन कलाकृतीला सुरुवातीला विरोध होतोच. ‘कातळ’ला तर एकही फोन आला नव्हता. तो म्हणाला, “तेच तर सांगतोय.” विठूशी वाद घालण्यात अर्थ नाही.

७ सप्टेंबर

गणपतीतला कार्यक्रम झाला. तळहाताएवढं मंडळ, पण मुंबईकर आलेले, समोर चारशे माणसं. आजवरच्या आमच्या सगळ्या श्रोत्यांची बेरीज केली तरी एवढी होणार नाही. शार्दूलने चकचकीत शर्ट शिवले होते. माझा काखेत दाटत होता.

‘स्कूटी’ सुरू झाली आणि पहिल्या चार ओळींत लोक उठून नाचायला लागले. सहा वर्षांत पहिल्यांदा आमच्यावर कोणी हललं. मी संदेशकडे बघितलं, तोही हसत होता. मग मुखडा संपला, आम्ही तिघांनी मात्रा गाळली, आणि चारशे माणसांचा पाय हवेत राहिला. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा एक बोरिवलीचे काका थेट माझ्या कीबोर्डवर आले. तिसऱ्यांदा लोक सावध झाले, आणि सावधपणे कोणाला नाचता येत नाही. ऋजुता एकटी बरोबर होती आणि लोक तिच्याकडेच संशयाने बघत होते. मंडळाचे अध्यक्ष वर आले आणि कानात म्हणाले की हाउजीची वेळ झालीय, खरं म्हणजे झाली नव्हती.

सामान आवरताना मागून एका बाईंचा आवाज आला, “तुम्ही केबलवरचे ना? ते तुमचं जुनं वाजवा की. ते बिनशब्दांचं.” आणखी चारपाच जणांनी ‘हो, हो, ते’ केलं. कोणी तरी चालही धरली.

चेष्टा कुठवर सहन करायची? मी माइकवर सांगितलं की आम्ही ते आता वाजवत नाही.

संदेश काड्या हातात घेऊन, बसल्या जागेवरून माझ्याकडे बघत होता. वाजवायचं म्हटलं असतं तर त्याने सुरू केलं असतं. एवढं सगळं होऊन हा माणूस जागचा हलला नव्हता, हे मात्र मला आवडलं.

१२ नोव्हेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखं घडलं नाही. दुसरं गाणं केलं, त्यात स्कूटीऐवजी होडी. ऋजुता यापुढे गाणार नाही, असं सांगून गेली. म्हणाली, राग नाही, पण आता बालवाडीतही तिच्या टाळ्या एक मात्रा आधी वाजतात आणि मुलं गोंधळतात. शार्दूल कुरिअरची एजन्सी बघतोय.

मीच काय तो रोज सकाळी तासभर मेट्रोनोम लावून चार मात्रांचा सराव करतो. आता अजिबात चुकत नाही. हे आधी जमलं असतं तर.

११ मार्च २००१

शिमगा झाला. संदेश पालखी नाचवून गावाहून आला तो खोली सोडायलाच. ड्रम शेडमध्ये ठेवायचे म्हणाला, पण तिथे पेंढा येऊन पडलाय, मग माळ्यावर चढवले. मैनाकाकींनी त्याला सुके बांगडे बांधून दिले होते.

स्टँडवर गाडीला वेळ होता. वाटलं, माझ्यावर चिडेल, निदान बोलेल तरी. तो बाकावर बोटांनी सात वाजवत बसला. मी सोबत करायला गेलो आणि मला जमेना. त्याने एकदाच माझ्या हाताकडे बघितलं आणि बोटं थांबवली. “राहू दे,” म्हणाला. लोट्याची गाडी लागली. मी पिशवी वर दिली. खिडकीतून म्हणाला, “थोडीफार लोकं ऐकत व्हती रे आपल्याला.”

माणूस जाताना चांगलं बोलतोच. घरी येईपर्यंत मला रडू आवरलं नाही. बँड संपला.

२९ एप्रिल

हे आजच लिहून ठेवायला हवं.

अक्षय्य तृतीया झाली, माल जोरात आहे. सध्या मी अण्णांच्या हाताखाली शेडमध्ये असतो. आज दुपारी बायका जेवायला गेल्या होत्या. अण्णा पाटावर बसून फळं निवडत होते, चांगलं उजवीकडे, डागी डावीकडे. मी पेट्यांवर शिक्के मारत होतो, माझी त्यांच्याकडे पाठ होती. गुणगुणणं ऐकू आलं. आधी लक्ष दिलं नाही. मग शिक्का हातातच राहिला.

‘कातळ’ होतं. दुसरा भाग, उतरता. न थांबता तिसऱ्यात गेले, योग्य जागी वळून. आमच्या शार्दूललाही हे वळण तीन वर्षं जमलं नव्हतं. हात चालूच होते, सातव्या मात्रेला फळ पेंढ्यात टेकत होतं. चाल हळू झाली, नुसता कीबोर्ड उरतो ती जागा आली, आणि तिथे अण्णांनी ओठ मिटून हलकेच दोनदा टीं टीं केलं, आणि पुढे गेले.

मी वळलो. ते गप्प झाले आणि एक फळ उगाच उलटंपालटं करून बघायला लागले.

मी विचारलं, हे तुम्हाला कसं येतं. म्हणाले, दोन वर्षं रोज ऐकलं की.

“मला वाटायचं तुम्ही भाव बघताय.”

“जुलैत कसले रे भाव?” अण्णा म्हणाले.

मग मीही पाटाशी बसून आंबे निवडायला लागलो. मला एकेक आठवत गेलं. मिटलेले डोळे, उघडलेलं टीव्हीचं झाकण. मैनाकाकींचा भात, अकरा फोन, गणपतीतल्या त्या बाई. विठूच्या डेकवर बटण मीच दाबलं होतं. शेवटी विचारलं, मग त्या कार्यक्रमातून उठून का गेलात. अण्णांनी फळ खाली ठेवलं. म्हणाले, भरून आलं होतं, चारचौघांत बरं दिसलं नसतं.

“एक विचारायचं राहिलंय,” म्हणाले. “तो विठू सातला सिनेमा लावायचा. शेवट कधी ऐकलाच नाही मी. काय होतं रे पुढे?”

ती दोन मिनिटं केबलवर अख्ख्या रत्नागिरीत कोणी ऐकलेली नाहीत. कॅसेट मीच पुसली. संदेश लोट्याला, शार्दूल कुरिअरला. मी समोरच्या रिकाम्या पेटीवर हात ठेवले, ताल धरला आणि गायला लागलो. सूर सगळे आठवत होते, एकही सुटला नाही. अण्णा मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत होते, उजव्या हाताने मोजत. तिसऱ्या ओळीला त्यांचा हात अडखळला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडखळला.

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या मनगटावर हात ठेवला.

“एक मात्रा जास्त होतेय,” म्हणाले.